नकार ओळखण्याची जबाबदारी
अतितीव्र बौद्धिक अक्षमता आणि संशोधन : प्रस्तावना

अतितीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींच्या जीवनाचा अभ्यास करू पाहणाऱ्या संशोधकापुढे पद्धतीच्या प्रश्नाआधी परवानगीचा प्रश्न उभा राहतो. कारण ज्या संमतीच्या पायावर आधुनिक संशोधननीती उभी आहे, ती संमती बोलून, लिहून किंवा सर्वमान्य खुणांनी देणे या व्यक्तींना शक्य नसते, आणि ती मिळवल्यावाचून पुढे जाणे कायद्यालाही मान्य नसते. या पेचातून सुटण्याचे दोन सोपे मार्ग आजवर वापरले गेले आहेत. एक, पालकाची किंवा संस्थाचालकाची सही घेऊन संमतीचा विषय संपला असे मानणे. आणि दुसरा, हा गट संशोधनातून वगळून टाकणे. पहिल्या मार्गाने या व्यक्तींचे शरीर इतरांच्या उपयोगाची वस्तू बनते, तर दुसऱ्या मार्गाने त्यांचे आजार, त्यांच्या वेदना आणि त्यांचे आनंद ज्ञानाच्या कक्षेबाहेर राहतात, आणि त्यांच्यासाठी आखल्या जाणाऱ्या सेवा अंदाजावर चालतात. या दोहोंहून वेगळा मार्ग शक्य आहे, तो कष्टाचा व संथ आहे, आणि ज्याला शब्दांत 'नाही' म्हणता येत नाही त्याचा नकार ओळखण्याची जबाबदारी संशोधकाने स्वीकारल्याखेरीज तो सुरूच होत नाही, हे या प्रस्तावनेचे मुख्य प्रतिपादन आहे. हे प्रतिपादन हवेत राहू नये म्हणून त्याची तपासणी मराठवाड्यातील जालना जिल्ह्याच्या परिस्थितीत केली आहे.

प्रथम संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. बौद्धिक अक्षमता म्हणजे आकलन, तर्क व शिकण्याची क्षमता आणि त्याबरोबरच दैनंदिन व्यवहार सांभाळण्याची क्षमता या दोहोंमध्ये बालपणापासून असलेली लक्षणीय मर्यादा होय. पूर्वीच्या शासकीय कागदपत्रांत आणि आजही बोलण्यात तिला 'मतिमंदत्व' म्हटले जाते. तिच्या सौम्य, मध्यम, तीव्र आणि अतितीव्र अशा चार पातळ्या मानतात. जुन्या वर्गीकरणानुसार बुद्ध्यंक वीसच्या खाली असेल तर अक्षमता अतितीव्र समजली जाई. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन मनोविकार निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीने बुद्ध्यंकाऐवजी दैनंदिन व्यवहारातील क्षमता हा पातळी ठरवण्याचा आधार मानला, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतही तीव्र व अतितीव्र या पातळ्यांतील फरक केवळ अशा व्यवहारक्षमतेवरूनच केला जातो. प्रत्यक्षात या व्यक्तींना खाणे, अंघोळ, कपडे, शौच आणि हालचाल या सर्व बाबतींत दुसऱ्याच्या मदतीची आयुष्यभर गरज असते. अनेकांना मेंदूचा पक्षाघात, अपस्मार म्हणजे फिट येण्याचा विकार, दृष्टिदोष किंवा गिळण्याचा त्रासही असतो. बोलणे बहुधा नसते. परंतु आवाज, नजर, श्वासाची गती, अंगाचा ताठरपणा, हसू आणि रडू यांतून संवाद होत असतो, आणि तो घरातल्या माणसांना कळतही असतो.

बुद्धिमापनाच्या साधनांचा येथे फारसा उपयोग होत नाही. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात बिने चाचणीचे मराठी व कन्नड रूपांतर केले, आणि बिने-कामत चाचणी या नावाने ते आजही वापरात आहे. तथापि ज्या चाचणीत सूचना ऐकून उत्तर द्यावे लागते, तिच्यात अतितीव्र अक्षमता असलेली व्यक्ती पहिल्या पायरीवरच थांबते आणि तिच्याविषयी 'मोजता येत नाही' यापलीकडे काही कळत नाही. नागपूर येथे डॉ. ए. जे. मलिन यांनी व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनश्रेणीचे भारतीय रूपांतर तयार केले. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरवताना याच मापनश्रेणीचा आधार घेतला गेला, आणि तीत वीस किंवा त्याहून कमी गुणांक आल्यास शंभर टक्के दिव्यांगत्व नोंदण्याची तरतूद होती. ही मापनश्रेणी सांभाळ करणाऱ्या व्यक्तीला प्रश्न विचारून भरली जाते. याचा अर्थ असा की या व्यक्तीविषयीचा पहिला अधिकृत दस्तऐवजच दुसऱ्याच्या तोंडून आलेल्या माहितीवर उभा असतो, आणि पुढील सर्व संशोधन याच अडचणीचा वारसा घेऊन चालते.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद, बदनापूर, घनसावंगी, परतूर आणि मंठा हे त्याचे आठ तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १९ लाख ५९ हजार, आणि तीतील पाचांपैकी चार माणसे ग्रामीण भागात राहणारी. बौद्धिक अक्षमतेचे प्रमाण लोकसंख्येच्या साधारण एक टक्का, आणि त्यातील अतितीव्र पातळीचे प्रमाण एक ते दोन टक्के, असे जगभरच्या अभ्यासांवरून मानले जाते. हे प्रमाण जालन्याला लावून पाहिले तर अशा व्यक्तींची संख्या दोनशे ते चारशेच्या आसपास येते. ही प्रत्यक्ष मोजणी नव्हे, केवळ अंदाज आहे. पण तो एका मूलभूत अडचणीकडे लक्ष वेधतो. साडेनऊशेहून अधिक गावांत, शिवाय वस्त्यांत आणि तांड्यांवर विखुरलेल्या या काही शे व्यक्तींपैकी कोणत्याही दोघांची परिस्थिती एकसारखी नसते. एकाला दिवसातून अनेकदा झटके येतात, दुसऱ्याला दिसत नाही, तिसऱ्याला चालता येते पण धोका कळत नाही. मोठा नमुना घेऊन सरासरी काढण्याची संख्याशास्त्राची नेहमीची रीत येथे अपुरी पडते. जनगणनेतही २०११ मध्ये प्रथमच मतिमंदत्व आणि मानसिक आजार यांची नोंद वेगवेगळी झाली. तीव्रतेची नोंद तीत नव्हती, त्यामुळे अतितीव्र पातळीच्या व्यक्ती सरकारी आकड्यांत दिसतच नाहीत.

संमतीच्या प्रश्नाला इतिहासाची जड पार्श्वभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, न्यूरेंबर्ग संहितेने संशोधनातील व्यक्तीची स्वेच्छेने दिलेली संमती ही अनिवार्य अट ठरवली. ही अट अक्षरशः पाळली तर संमती देऊ न शकणाऱ्यांवर कोणतेही संशोधन होऊ शकत नाही. पण प्रत्यक्षात त्याच काळात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या फर्नाल्ड शाळेत बौद्धिकदृष्ट्या अक्षम म्हणून ठेवलेल्या मुलांना किरणोत्सारी द्रव्य मिसळलेला नाश्ता पोषणविषयक प्रयोगासाठी दिला जात होता, आणि न्यूयॉर्कच्या विलोब्रुक संस्थेत १९५६ पासून सुमारे दीड दशक मुलांना मुद्दाम काविळीचा संसर्ग घडवून अभ्यास करण्यात आला. विलोब्रुकच्या पालकांनी संमतिपत्रांवर सह्या केल्या होत्या. मात्र मूल संस्थेत दाखल करण्याचा दुसरा मार्ग अनेकांपुढे उरला नव्हता, आणि म्हणून त्या सह्यांना स्वेच्छा म्हणणे कठीण आहे. १९६४ च्या हेलसिंकी घोषणापत्राने प्रतिनिधीच्या संमतीची वाट खुली केली. परंतु प्रतिनिधीची सही आणि व्यक्तीचे हित यांत अंतर पडू शकते, हा विलोब्रुकचा धडा त्याने पुसला गेला नाही.

महाराष्ट्रातही हे अंतर दिसून आले आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासकीय संस्थेतल्या मतिमंद मुली व तरुणींची गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रिया पुण्यातील ससून रुग्णालयात करण्यात आल्या. मासिक पाळीत त्यांना स्वच्छता राखता येत नाही, असे कारण त्यासाठी देण्यात आले, आणि स्त्री संघटनांनी व दिव्यांगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी तीव्र विरोध केल्यावर त्या थांबल्या. पुढे २०१० मध्ये ठाणे जिल्ह्यातील कवडास येथील मतिमंद बालगृहातल्या मुलांच्या कुपोषणाची व मृत्यूंची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि राज्यातील अशा सर्व बालगृहांची स्थिती न्यायालयीन देखरेखीखाली आली. या दोन्ही घटना संशोधनाच्या नव्हेत. तरीही संशोधकाने त्या नजरेआड करू नयेत. कारण पहिलीत दुसऱ्यांनी दिलेल्या परवानगीने काय घडू शकते हे दिसते, आणि दुसरीत कोणीच पाहत नसले तर काय घडते हे दिसते. परवानगीची घाई आणि पाहण्याची टाळाटाळ या दोन्हींची किंमत ज्यांना तक्रार करता येत नाही त्यांनीच मोजलेली आहे.

आजचा भारतीय कायदा या विषयावर स्पष्ट आहे, पण पूर्ण नाही. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारास भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. या कराराच्या पंधराव्या अनुच्छेदानुसार कोणावरही त्याच्या मुक्त संमतीवाचून वैद्यकीय वा शास्त्रीय प्रयोग करता येत नाहीत. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याच्या सहाव्या कलमात दोन अटी घातल्या आहेत : व्यक्तीची मुक्त आणि माहितीपूर्ण संमती तिला समजेल अशा संवादमाध्यमातून घेतलेली असावी, आणि शासनाने नेमलेल्या दिव्यांगत्व संशोधन समितीची पूर्वपरवानगी असावी, या समितीतील किमान निम्मे सदस्य स्वतः दिव्यांग किंवा दिव्यांगांच्या नोंदणीकृत संघटनांचे असले पाहिजेत. ज्याला कोणत्याच माध्यमातून माहितीपूर्ण संमती देता येत नाही त्याच्या बाबतीत काय करावे, याचे उत्तर या कलमात नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे अशा वेळी कायदेशीर प्रतिनिधीच्या संमतीला मान्यता देतात, पण त्याचबरोबर अशा गटावरील संशोधन त्या गटाच्याच आरोग्यगरजांशी निगडित असावे असेही बजावतात. कायद्यातील ही फट गैरवापराला वाव देऊ शकते, आणि सावध संशोधकाला कामापासून परावृत्तही करू शकते. ती भरून काढणे हे कायदेमंडळाइतकेच संशोधकांच्या नैतिक शिस्तीचेही काम आहे.

प्रतिनिधी कोण, हा प्रश्नही जालन्यासारख्या जिल्ह्यात सोपा नाही. वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालकत्व मिळवावे लागते. ज्या घरात पन्नास-साठ किलोमीटरवरच्या जालन्याला जिल्हा रुग्णालयात दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जाणे म्हणजे दोन माणसांची मजुरी बुडवून, उचलून घ्याव्या लागणाऱ्या लेकराला एसटीत बसवून नेणे असते, त्या घराला पालकत्वाच्या अर्जाची ही पायरी बहुधा ठाऊकही नसते. त्यामुळे वीस-पंचवीस वर्षांच्या व्यक्तीच्या वतीने तिची आई, वडील वारल्यास थोरला भाऊ, क्वचित आजी सही किंवा अंगठा देते, आणि व्यवहारात तेच चालते. अंगठा घेताना संशोधनाशी संबंध नसलेला साक्षर साक्षीदार हजर असावा असा नियम आहे. तो साक्षीदार गावातला असला तर घरातली गुपिते गावात जाण्याची भीती, आणि परका असला तर त्याच्यावरचा अविश्वास, यांतून संशोधकाला मार्ग काढावा लागतो.

याहून मोठी अडचण आशेची आहे. गावात कागद घेऊन येणाऱ्या माणसाला शासनाचा माणूस समजले जाते. त्याच्या प्रश्नांना उत्तरे दिली तर संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान सुरू होईल, निरामय आरोग्यविम्याचा अर्ज भरला जाईल, किंवा लेकरू बोलू लागेल असे औषध मिळेल, अशी अपेक्षा निर्माण होते. संशोधन हेच उपचार आहेत असे वाटणे, ज्याला नीतिशास्त्रात उपचाराचा गैरसमज म्हणतात, तो येथे अज्ञानापेक्षा गरजेतून येतो. असा गैरसमज ठेवून मिळालेली संमती वैध मानता येत नाही. आणि तो दूर करताना घराला रिकाम्या हाताने सोडून जाणेही उचित नाही. प्रमाणपत्र, विमा, घरी येणारे विशेष शिक्षक यांविषयीची खरी माहिती संमतीच्या चर्चेपासून वेगळी आणि तिच्या आधी द्यावी, आणि संशोधनात सहभागी न होणाऱ्या घरांनाही ती द्यावी, ही यातली किमान शिस्त होय.

प्रतिनिधीची संमती मिळाली तरी व्यक्तीचा स्वतःचा कल उरतोच. संशोधननीतीत अनुमती म्हणजे संमतीची कायदेशीर क्षमता नसलेल्या व्यक्तीने दाखवलेली तयारी, आणि असंमती म्हणजे तिने दाखवलेली नाखुशी. अतितीव्र अक्षमतेत ही दोन्ही शरीरातून व्यक्त होतात. मान वळवणे, मुठी आवळणे, ओठ घट्ट मिटणे, अंग ताठ करणे, नेहमीपेक्षा गप्प होणे किंवा झोपी जाणे यांपैकी कोणती खूण कोणत्या व्यक्तीच्या बाबतीत नकाराची आहे, हे सांभाळ करणाऱ्यांकडून आधी समजून घ्यावे लागते, प्रत्येक व्यक्तीसाठी त्यांची स्वतंत्र नोंद करावी लागते, आणि माहिती गोळा करण्याआधी केवळ सोबत बसण्यात अनेक भेटी खर्च कराव्या लागतात. नकाराची खूण दिसताच काम थांबवण्याचा नियम संशोधनाच्या आराखड्यात लिहिलेला असावा, आणि थांबण्याचा निर्णय घेण्याचा अधिकार आईला किंवा आजीलाही असावा. संमती एका दिवशी मिळून संपत नाही. ती दर भेटीत नव्याने तपासावी लागते. वेळापत्रक आणि निधी यांच्या दडपणाखाली असलेल्या संशोधकाला हे परवडत नाही असा आक्षेप घेतला जाईल. त्यावर उत्तर एकच, की नकार ओळखण्याइतका वेळ ज्या अभ्यासाकडे नाही त्याने या व्यक्तींना त्रास देऊ नये.

माहितीच्या स्वरूपाविषयीचा प्रश्न प्रातिनिधिक साक्षीचा आहे. आईचे ज्ञान अमूल्य असते. रात्री कोणता आवाज पोटात दुखत असल्याचा आणि कोणता भूक लागल्याचा आहे, हे तिला जितके कळते तितके कोणत्याही उपकरणाला कळत नाही. पण त्याच आईच्या सांगण्यात तिचा थकवा, तिची आशा आणि तिच्यावर लादलेला दोषही मिसळलेला असतो, आणि लेकराला 'काहीच समजत नाही' असे म्हणणारे वडील व 'सगळं समजतं' असे म्हणणारी आजी एकाच घरात असतात. यांपैकी एकाला खरे व दुसऱ्याला खोटे ठरवण्यापेक्षा साक्षींतील फरक हीच माहिती मानून तिची नोंद करणे शास्त्रीय दृष्ट्या अधिक प्रामाणिक आहे. त्यातच भाषेचा पेच आहे : तांड्यावरच्या घरात गोरमाटी, शहरातल्या मोहल्ल्यात दखनी उर्दू आणि गावात मराठवाडी बोली चालते, तर प्रश्नावली प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीतून भाषांतरित असते, वेदना, अस्वस्थता, समाधान यांसारख्या गोष्टी विचारताना हे अंतर उत्तराचा अर्थच बदलून टाकू शकते.

म्हणून निरीक्षणाच्या पद्धतींना येथे विशेष महत्त्व येते. एकल-व्यक्ती आराखडा, म्हणजे एकाच व्यक्तीची वेगवेगळ्या परिस्थितींतील वागणूक वारंवार नोंदवून तिची तिच्याशीच तुलना करण्याची रीत, या गटाच्या वैविध्याला न्याय देते. चित्रफितीवरील हालचालींची दोन स्वतंत्र निरीक्षकांनी वेगवेगळी नोंद करून त्यांची जुळणी तपासल्यास एकाच्या कल्पनाशक्तीला लगाम बसतो. जागेपणाची पातळी मिनिटामिनिटाला बदलत असल्याने, आणि फिटच्या औषधांनी येणारी सुस्ती तीत भर घालत असल्याने, कोणत्या वेळी पाहिले हे काय पाहिले याइतकेच महत्त्वाचे ठरते. मात्र चित्रफीत ही खासगी आयुष्याची नोंद असते. अंघोळ, कपडे बदलणे, झटका येणे असे क्षण टिपण्याचा मोह आवरला पाहिजे, आणि अशी फीत कोण पाहील व केव्हा नष्ट होईल हे आधी ठरलेले असले पाहिजे. व्यक्तीला स्वतःची प्रतिमा जपता येत नाही, यामुळे ती जपण्याचे इतरांवरील बंधन वाढते.

जिल्ह्याच्या अर्थजीवनाचाही अभ्यासावर परिणाम होतो. जालना शहर बियाणे आणि पोलाद उद्योगांसाठी ओळखले जाते, पण ग्रामीण भाग अवर्षणप्रवण आहे, आणि दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात. अशा घरातील अतितीव्र अक्षम लेकरू एकतर आजीआजोबांकडे गावी राहते किंवा फडाजवळच्या कोपीत जाते. दोन्ही वेळी त्याचा सांभाळ करणारा माणूस, त्याचा आहार, त्याची औषधे आणि त्याची झोप बदलते. सहा महिन्यांच्या अंतराने केलेल्या पाहणीत दिसणारा बदल हा दरम्यान दिलेल्या प्रशिक्षणाचा की हंगामाचा, हे अशा वेळी सांगता येत नाही. वर्षाचे चक्र लक्षात घेऊन आखलेला, आणि स्थलांतराला अडथळा न मानता अभ्यासाचाच भाग मानणारा आराखडा येथे आवश्यक आहे.

संशोधक केवळ निरीक्षक राहू शकत नाही, याचीही जाणीव ठेवावी लागते. एखादे मूल घरातील सर्व जण कामावर गेल्यावर बाजेला बांधून ठेवलेले आढळले, तर त्यात क्रौर्य किती आणि निरुपाय किती हे समजून घेण्याआधी निवाडा करता येत नाही, पण पाहून न पाहिल्यासारखे करून निघूनही येता येत नाही. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याची शंका आल्यास लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा माहिती देणे बंधनकारक करतो, आणि गोपनीयतेचे वचन त्यापुढे टिकत नाही. ही मर्यादा संमतीच्या वेळीच सांगितली पाहिजे. त्याचप्रमाणे शिक्षणाचा हक्क अधिनियमात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने तीव्र व बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरीच शिक्षण घेण्याचा हक्क दिला आहे. तो प्रत्यक्ष मिळतो का, हे पाहणे कोणत्याही अभ्यासाच्या कक्षेबाहेरचे मानता येणार नाही.

या विषयातील ज्ञान आजवर मुख्यतः युरोप-अमेरिकेतील निवासी संस्था आणि दिवसा देखभाल करणारी केंद्रे यांतून आले आहे, जेथे पगारी कर्मचारी, ठरलेले वेळापत्रक आणि लेखी नोंदी असतात. मराठवाड्यातील अशी व्यक्ती बहुधा घरी असते. तिच्याभोवती माणसे असतात, नोंदी नसतात. मुंबईत १९४४ मध्ये सुरू झालेल्या जय वकील शाळेपासून पुण्यात सिंधुताई जोशी यांनी स्थापन केलेल्या कामायनीपर्यंत महाराष्ट्रात विशेष शिक्षणाची मोठी परंपरा आहे. परंतु शाळा आणि कार्यशाळा यांची रचना स्वभावतः शिकू व काम करू शकणाऱ्यांभोवती झाली, आणि सर्वाधिक मदतीची गरज असणारे घरीच राहिले. जालन्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने जिल्ह्यातच संशोधन होण्याची आणि त्यावर जिल्ह्यातच नैतिक देखरेख ठेवली जाण्याची शक्यता निर्माण झाली आहे. अशा संस्थेच्या नीतिसमितीत अतितीव्र अक्षम व्यक्तीला वाढवलेल्या आईला सन्मानाचे स्थान मिळाले, प्रश्न कोणते विचारायचे हे ठरवताना तिचे ऐकले गेले, आणि अभ्यासाचे निष्कर्ष तिच्या बोलीत तिच्या दारी पोहोचवणे ही निधीची अट ठरली, तर या क्षेत्रातील संशोधनाची सुरुवात योग्य ठिकाणाहून होईल. अतितीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींना संशोधनातून वगळणे हे त्यांचे संरक्षण नव्हे आणि त्यांच्या वतीने सही घेणे ही त्यांची संमती नव्हे, एवढे मान्य करून जो अभ्यासक कामाला लागेल त्याला कमी व्यक्ती भेटतील, जास्त वेळ लागेल आणि निष्कर्ष सावधपणे मांडावे लागतील. परंतु त्याने मिळवलेले ज्ञान ज्यांच्याविषयी आहे त्यांच्याच उपयोगाला येईल, आणि अशा ज्ञानाची आज सर्वाधिक उणीव आहे.